बसून वाचायची नाटकं

रविवारी सकाळची उपासना आटोपून घरी येताना गिलफिलनांच्या गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही. पाच गिलफिलन एका गाडीत आणि तरी शांतता, हे ग्लेनटोरी गावाला इतकं नवीन होतं की लोहाराच्या बायकोनं पडदा बाजूला करून पाहिलं. मग रविवारी असं डोकावणं बरं दिसत नाही हे आठवून तिनं तो पुन्हा लावून घेतला. युफेमिया गाडीत मधोमध बसली होती, एका बाजूला नवरा अ‍ॅडम, दुसऱ्या बाजूला नणंद ग्रिझेल. लग्न झाल्यापासून तिची जागा बहुतेक तीच होती. समोर मुलगा नील आणि सून हॅरिएट अंग चोरून बसले होते. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, त्या थंडीनं सगळ्यांची नाकं लाल झाली होती, त्यामुळे कोण रागानं लाल आहे आणि कोण गारठ्यानं, ते काही ओळखू येत नव्हतं.

राग होता तो शुक्रवारच्या व्याख्यानाचा.

ग्लेनटोरीच्या चर्चचे पंच नाटकाला पाप मानत. नाटकाबद्दलची माहिती मात्र ज्ञानात मोडत होती, आणि डोंगरामागच्या सोन्याच्या खाणींवरून माणसं गावात येऊन नुसती दारू पितात, त्यापेक्षा त्यांनी काही ज्ञान घेतलेलं बरं, असंही पंचांना वाटत होतं. म्हणून वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या इंग्रजी नाटकांवर हिवाळ्यात चार व्याख्यानं ठेवायला त्यांनी परवानगी दिली. पाप आणि ज्ञान यांच्यामधली सीमा त्यांनी बरीच डोकेफोड करून खुर्चीपाशी आखली होती. वाचणाऱ्यानं बसून वाचायचं, पुस्तक समोर उघडं ठेवायचं, आणि राजा बोलो की नोकर, आवाज एकच ठेवायचा. बसून वाचलं तर व्याख्यान, उभं राहून वाचलं तर तमाशा.

डनेडिन शहरातून येणारे प्राध्यापक नदीच्या पुरात पलीकडच्या काठावर अडकले आणि तिथूनच परत गेले. आता कोण, असा प्रश्न पडला, तेव्हा ग्रिझेल गिलफिलन उभी राहिली. म्हणजे त्या वेळी फक्त पुढे झाली, उभी राहण्याची भानगड नंतरची. तिचे आणि अ‍ॅडमचे वडील मायदेशी पुस्तकं बांधायचे. बांधणीला आलेले नाटकांचे सुटे कागद ग्रिझेलनं लहानपणी चोरून वाचले होते. त्यामुळे काही नाटकांची सुरुवात तिला तोंडपाठ होती आणि काहींचा फक्त शेवट, पण ग्लेनटोरीत तेवढंही दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. तिची पहिली दोन व्याख्यानं दृष्ट लागावी अशी झाली. मेंढपाळसुद्धा बूट पुसून आले.

तिसऱ्या व्याख्यानात ती एका जुन्या नाटकातल्या राणीचं बोलणं वाचत होती. राणीचं मूल गेलेलं होतं. वाचता वाचता ग्रिझेल उठली आणि पुस्तक हातात धरून उभी राहिली.

आता, ही माणसं देवाची स्तोत्रं बसून गातात आणि प्रार्थनेला उभी राहतात. पुढे गंभीर आवाजात वाचणारं माणूस उठलं की पाय आपोआप सरळ व्हायचे, टोपी काखेत जायची आणि डोळे मिटायचे. शुक्रवारी तेच झालं. पुढची रांग उठली, म्हणून मागची उठली. सगळा हॉल माना खाली घालून उभा राहिला, आणि ग्रिझेल थांबली तेव्हा बियाण्यांचे व्यापारी आणि चर्चचे पंच सँडी पोलॉक खणखणीत आवाजात म्हणाले, “आमेन!”

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आपण कशाला आमेन म्हणालो हे कुणीतरी पोलॉकना समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

रविवारी गिलफिलनांची चूल फक्त चहापुरती पेटायची. शनिवारी उकडून ठेवलेलं मटण, गार बटाटे आणि ओटच्या भाकऱ्या टेबलावर मांडून युफेमिया खाली बसली. अ‍ॅडमनं जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. ती नेहमीपेक्षा लांबली. मग त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून चामड्याची लहान पिशवी काढून ताटाशेजारी ठेवली. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

पिशवीत शिशाची टोकनं होती. पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी होता. प्रत्येक पंचानं आपल्या भागातल्या लायक माणसांना आधी टोकन द्यायचं आणि ते दाखवल्याशिवाय प्रभूच्या मेजापाशी कुणाला जागा मिळायची नाही. अ‍ॅडमही पंच होता, आणि त्याच्या पिठाच्या गिरणीकडचा भाग त्याच्याकडे होता. ग्रिझेलनं सतराव्या वर्षापासून एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. मायदेशाहून इकडे येताना बोटीवर मीठ लावलेल्या मांसावर दिवस काढले तेव्हा सगळ्यात जास्त कशाची आठवण यायची, असं कुणी तिला विचारलं, तर ती हेच सांगायची.

“ग्रिझेल,” अ‍ॅडमनं सुरुवात केली. एरवी तो थोरल्या बहिणीला ताई म्हणायचा. आज ग्रिझेल म्हणाला, म्हणजे जेवायला भाऊ आलेला नव्हता, पंच आला होता.

“बोल, अ‍ॅडम. पण आधी वाढून घे. मटण गारच आहे, आणखी गार झालं तर दातांचं काही खरं नाही.”

“पोलॉक काल गिरणीवर आला होता.”

“पीठ न्यायला?”

“तुझी तक्रार घेऊन.”

“म्हणजे आवाज शाबूत आहे त्याचा! शुक्रवारी एवढ्या जोरात ओरडला, मला वाटलं आता आठवडाभर घसा बसतोय.”

नीलनं तोंडावर रुमाल धरला. बापानं त्याच्याकडे पाहिलं तशी त्यानं रुमालात खोकून दाखवलं.

“हसण्यावारी नेऊ नकोस,” अ‍ॅडम म्हणाला. “मी त्या हॉलमध्ये पाऊल टाकलेलं नाही, टाकणारही नाही. त्यामुळे मला विचारूनच घ्यायला हवं. तू वाचताना उभी राहिलीस?”

“बाबा,” नील मध्येच म्हणाला, “उठणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. थंडीचे दिवस आहेत. आत्याचा गुडघा आखडला असेल, म्हणून ती जरा...”

“माझ्या गुडघ्याला यात ओढू नकोस रे,” ग्रिझेल म्हणाली. “तो बिचारा निष्पाप आहे. मी उभी राहिले, अ‍ॅडम. चांगली दोन पायांवर.”

युफेमियानं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. गुडघ्याचा रस्ता चांगला होता. नीलनं तो स्वतःहून काढून दिला होता, आणि तेही चर्चच्या कारभारात शिरायला बघत असताना, बापाची मर्जी सांभाळायच्या दिवसांत. पण नणंदेला रस्ता दाखवला की ती हमखास कुंपणावरून उडी मारणार.

“मग ऐक,” अ‍ॅडम म्हणाला. “चौथं व्याख्यान देणार नाही असं सांग. आत्ता, या टेबलावर. मी तुझ्या हातात टोकन ठेवतो आणि पोलॉकला गप्प करतो.”

“नाही सांगत.”

“ग्रिझेल!”

“जे मी देणारच आहे, ते देणार नाही असं सांगू? रविवारी? पंचासमोर?” ती भाकरीवर लोणी पसरत म्हणाली. पण ती एकाच जागी तिसऱ्यांदा लोणी पसरतेय, ते युफेमियाला दिसलं. “टोकन दिलं नाहीस तर मी बाहेरच्या बाकावर बसेन. तिथून स्तोत्रं ऐकू येतात.”

हे थट्टेत म्हटलं होतं, पण टेबलावर कुणी हसलं नाही. पुढच्या रविवारी सगळं गाव आत मेजापाशी आणि ग्रिझेल बाहेर बाकावर, हे चित्र प्रत्येकाला दिसलं. अ‍ॅडमलाही दिसलं असावं, कारण त्यानं मटणाचा एक तुकडा कापला, मग त्याचे दोन केले, मग चार केले, आणि त्यातला एकही खाल्ला नाही. त्याला बहिणीला शिक्षा करायची नव्हती. त्याला पळवाट हवी होती. फक्त ती सरळ असायला हवी होती, आणि सरळ पळवाट शोधण्यात गिलफिलनांच्या घरात अनेकांची उमर गेली होती.

“बाबा,” नीलनं पुन्हा डोकं चालवलं, “असं बघा. तमाशाला कुणी डोळे मिटून उभं राहतं का?”

“मी तमाशा पाहिलेला नाही.”

“मीही नाही. पण नसणारच राहत. तिथे डोळे उघडे ठेवण्याचेच पैसे घेतात. शुक्रवारी अख्खा हॉल प्रार्थना समजून उभा राहिला. मग तिथे तमाशा झालाच कुठे?”

अ‍ॅडमनं काटा खाली ठेवला. बराच वेळ तो ही गोष्ट आतून बाहेरून तपासत राहिला. गव्हाचा नमुना तळहातावर घेऊन तो अगदी अस्साच बघत बसायचा.

“यात तथ्य आहे,” तो शेवटी म्हणाला. “जे उभे राहिले ते प्रार्थनेला उभे राहिले असतील, तर मी पंचांना तसं सांगू शकतो. पण सगळेच्या सगळे. एक जरी माणूस नाटकासाठी उभं राहिलेलं असेल तर मी नाही सांगणार. तू कशाला उभा राहिलास?”

“प्रार्थनेला!” नील इतक्या चटकन म्हणाला की ग्रिझेलनं भुवई वर केली.

“हॅरिएट, तू?”

“मी बसूनच होते, मामंजी.”

सगळे तिच्याकडे वळले.

“आमच्यात प्रार्थनेला गुडघे टेकतात ना,” हॅरिएट ओशाळून म्हणाली. ती इंग्रज होती आणि इंग्लंडच्या चर्चमधली, ही गोष्ट या घरात दोन वर्षं सगळ्यांनी मोठ्या मनानं विसरलेली होती आणि रोज एकदा तरी त्यांना ती आठवायची. “पण दोन बाकांच्या मध्ये जागाच नव्हती. मग बसले आपली.”

“डोळे मिटून?”

“उघडे होते, मामंजी.”

अ‍ॅडमनं एक उसासा सोडला. सगळ्या गावात डोळे उघडे असलेला साक्षीदार एकच, आणि तोही इंग्लंडच्या चर्चचा, म्हणजे त्याच्या लेखी निम्मा पोपच्या पंगतीतला.

“काय दिसलं ते सांग.”

“आत्याबाईंचे दोन्ही हात पुस्तकावर होते. आवाज एकच होता. फक्त शेवटी जरा बारीक झाला.”

“आणि लोक?”

“सगळे उभे होते. माना खाली.”

“सगळ्यांचे डोळे मिटलेले?”

हॅरिएट थबकली. तिची नजर सासूकडे आली आणि लगेच बटाट्यांकडे गेली. “हो, मामंजी. सगळ्यांचे.”

युफेमियाचा हात चहाच्या किटलीवरच राहिला. शुक्रवारी त्या हॉलमध्ये दोन बायकांचे डोळे उघडे होते आणि त्यांची एकमेकींशी गाठ पडली होती. युफेमिया उभी होती, तिचे गाल ओले होते. हॅरिएटनं ते पाहिलं होतं आणि मान फिरवून घेतली होती. जिच्या हातच्या पुडिंगला या दोन वर्षांत युफेमियानं एकदाही धड चांगलं म्हटलं नव्हतं, ती पोर तिच्यासाठी रविवारी, जेवणाच्या टेबलावर, सासऱ्याच्या तोंडावर खोटं बोलली होती.

“राहिलीस तू, युफेमिया,” अ‍ॅडम म्हणाला. त्याचा आवाज आता सैलावला होता. त्याला वाटलं, झालं आता. त्यानं पिशवीची नाडीसुद्धा सोडायला घेतली. “तू कशाला उभी राहिलीस?”

एक शब्द पुरे होता. नीलनं म्हटला तोच. म्हटला की नणंदेला टोकन, गावाला चौथं व्याख्यान, पोलॉकच्या तोंडाला कुलूप, आणि चहा गरम असेतो प्यायला मिळणार. युफेमियानं तो शब्द जिभेवर आणलाही. पण जिभेनं तो पुढे जाऊ दिला नाही.

“मी प्रार्थना नव्हते करत,” ती म्हणाली.

“युफी, गप्प बस गं,” ग्रिझेल म्हणाली.

“नाही वन्सं. अहो, ऐकताय ना? मी प्रार्थना नव्हते करत. माझे डोळे उघडे होते. हॅरिएटनं पाहिलंय, पण ती सांगणार नाही, गुणाची आहे. त्या नाटकातल्या बाईचं मूल गेलंय. दरबारातले सगळे पुरुष तिला म्हणताहेत, आता पुरे, आता आवर. आणि ती आवरत नाही. मुलाबद्दल बोलतच राहते. त्याचे कपडे, त्याचं चालणं. वन्सं वाचत होत्या आणि मला बोटीचा कठडा दिसायला लागला.”

अ‍ॅडमची बोटं नाडीवर थांबली.

“आपल्या आयलीला शिडाच्या कापडात शिवून समुद्रात सोडायला फळीवर ठेवलं होतं. तुम्ही तापानं खाली पडून होतात, वन्सं तुमच्या उशाशी. कप्तानानं काहीतरी वाचलं, आणि मी एकटी उभी होते. रडले नाही. कुणीतरी म्हणालं होतं, धीरानं घ्या, बाई. मी धीरानं घेतलं. मग इथे आलो, गिरणी झाली, नील झाला. आयलीचं नाव या घरात निघत नाही. तुम्ही काढत नाही, म्हणून मीही काढत नाही. शुक्रवारी त्या बाईचं ऐकलं आणि मला बसवेना. हे नाटक आहे, पाप आहे, असं कुणी कानाशी येऊन ओरडलं असतं ना, तरी मी बसले नसते.”

नील टेबलाकडे बघत राहिला. आपल्या आधी एक बहीण होती, एवढं त्याला माहीत होतं. तिचं नाव त्यानं आईच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं.

“माझं कारण तू विचारलंच नाहीस, अ‍ॅडम,” ग्रिझेल म्हणाली. तिच्या आवाजातला तिखटपणा पार गेला होता. “त्या पोरीची टोपी मी विणली होती. ते पान वाचताना मलाही बसवलं नाही. तू टोकन देऊ नकोस. खरंच नको देऊस. पण युफीला काही बोललास तर बघ.”

चहावर साय धरली. हॅरिएटनं टेबलाखालून हात पुढे केला आणि युफेमियानं तो घट्ट धरला. आपण आता नणंदेचं नुकसान केलं, हे तिला कळत होतं. वाईट वाटत होतं, आणि तरी छातीवरचा दगड खाली ठेवल्यासारखं हलकंही वाटत होतं.

“नील,” अ‍ॅडमनं विचारलं. “खरं सांग. तू कशाला उभा राहिलास?”

“शेजारचे उभे राहिले म्हणून.”

“आणि पोलॉक कुठे होता?”

“माझ्या मागच्या बाकावर. मी उठलो म्हणून उठले असतील.”

अ‍ॅडमनं मान हलवली. मग तो एकेक शब्द तोलून बोलू लागला. पंचांच्या बैठकीतही तो असाच बोलत असणार. “म्हणजे शुक्रवारी त्या हॉलमध्ये प्रार्थना केली ती दोन बायकांनी. एकीनं वाचता वाचता आणि दुसरीनं डोळे उघडे ठेवून. बाकीचे सगळे नुसते उभे होते. पंचांना मी हेच सांगेन. आणि पोलॉकला सगळ्यांदेखत विचारेन, बाबा रे, तू नक्की कशाला आमेन म्हणालास?”

त्यानं पिशवीत हात घातला आणि एक टोकन काढून टेबलावरून पुढे सरकवलं. “घे, ताई.”

ग्रिझेलनं ते मुठीत घेतलं. तिला बोलायला जरा वेळ लागला, हे ग्लेनटोरीत कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. “आणि चौथं व्याख्यान?”

“पंचांची अट कायम आहे. बसून.”

“प्रयत्न करीन,” ग्रिझेल म्हणाली.

“प्रयत्न नाही, ताई. बसायचं.”

“मग खुर्चीला दोरीनं बांध. तुझ्याकडे पिठाच्या पोत्यांच्या आहेतच.”

आता मात्र नील उघडउघड हसला, रविवार असूनही. हॅरिएटही हसली, आणि ती हसते तेव्हा गालाला खळी पडते हे युफेमियाच्या दोन वर्षांनी लक्षात आलं. तिनं सुनेला विचारलं, कालचं पुडिंग उरलंय का गं? हॅरिएट इतक्या घाईनं आणायला उठली की खुर्ची पडता पडता वाचली.

दुपारच्या उपासनेची घंटा झाली. बाकीचे गाडीकडे गेले. युफेमिया दारामागे आपली शाल शोधत होती, तेवढ्यात अ‍ॅडम मागे आला. त्यानं शाल खुंटीवरून काढली, पण दिली नाही. हातातच धरून उभा राहिला.

“त्या दिवशी वारा होता?” त्यानं विचारलं.

कुठल्या दिवशी, हे तिनं विचारलं नाही. “नव्हता. ऊन होतं चांगलं. समुद्र अगदी शांत होता.”

“बरं झालं,” तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “बरं झालं.” त्यानं शाल तिच्या खांद्यांवर घातली, एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड. “युफी, शुक्रवारी माझ्यासाठी जागा धर.”

“अहो, तुम्ही? त्या हॉलमध्ये? पोलॉकना झीट येईल.”

“येऊ दे. आणि ताईला सांग, ते पान पुन्हा वाच म्हणावं.”

“ते मागच्या वेळचं होतं हो. येत्या शुक्रवारी विनोदी नाटकं आहेत. ऐन हसण्यात हे कुठे घालणार त्या?”

“कुठेही घालू दे, पण वाच म्हणावं,” अ‍ॅडम म्हणाला. त्याचा आवाज फुटला आणि त्यानं तो सावरायचा प्रयत्न केला नाही. “आयलीच्या वेळी मी उभा नव्हतो.”